गाण्याचें मोल आणि कल्पनेंतला हिशेब

गवयापर्यंत पैसा कोणकोणत्या वाटांनीं पोंचत आला आहे, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें इतिहासाचे ग्रंथ उघडण्यापूर्वीं मराठी बोलीकडे लक्ष द्यावें. दरबारांतून महिनेमहाल मिळे ती नेमणूक. बैठक संपल्यावर यजमान निरोप देतांना हातीं ठेवी ती बिदागी. तमाशाच्या फडांत शौकिनानें पुढें करावी आणि त्याचें नांव पुकारून स्वीकारली जावी ती दौलतजादा. फडाचा खेळ आगाऊ ठरवितांना दिली जाते ती सुपारी. आरतीच्या वेळीं हरिदासाच्या तबकांत पडतात तीं नाणीं. नाटकगृहाच्या खिडकीवर मिळतें तें तिकीट. आणि सभासंमेलनांच्या काळांत रूढ झालेलें, देणाऱ्याला व घेणाऱ्याला दोघांनाही 'पैसा' हा शब्द उच्चारावा लागूं नये म्हणून योजलेलें, तें मानधन.

हे शब्द निरनिराळे आहेत ते उगाच नव्हेत. बिदागी गाणें ऐकून झाल्यावर ठरते, सुपारी ऐकण्यापूर्वीं. दौलतजादा देणाऱ्याचें नांव चारचौघांत घेतलें जातें, तबकांत नाणें टाकणाऱ्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. तिकिटाच्या व्यवस्थेंत श्रोता गवयाला ओळखीत असतो, पण गवई श्रोत्याला ओळखीत नाहीं. नेमणुकीच्या व्यवस्थेंत एकच श्रोता असा असतो कीं ज्याच्या मर्जीवर चूल अवलंबून आहे. वारकरी परंपरेंत तर कीर्तनाचें मोल घेऊंच नये असा दंडक आहे, आणि मोल न घेणें हीही एक व्यवस्थाच होय. प्रत्येक शब्दामागें कोणी, केव्हां, किती आणि कोणाच्या देखत द्यावयाचें याचा एक पुरा आराखडा आहे. हे आराखडे आकाशांतून पडलेले नाहींत. कोणीतरी ते प्रथम मनांत रचले आणि मग व्यवहारांत आणले. अल्लादिया खांसाहेब कोल्हापूर दरबारच्या आश्रयानें राहिले, आणि साधारण त्याच काळांत विष्णु दिगंबर पलुस्कर मिरज सोडून बाहेर पडले व तिकिटें लावून जाहीर जलसे करूं लागले. तिकीट काढून गाणें ऐकणें ही गोष्ट आज कोणाला विचित्र वाटत नाहीं. पलुस्करांच्या वेळीं तें एक धाडस होतें.

कला ही पैशानें मोजूं नये, असें सुशिक्षित घरांतून पुष्कळदां ऐकूं येतें. हें वाक्य बहुधा ज्याला पैसे द्यावयाचे असतात तोच बोलतो, घेणारा सहसा बोलत नाहीं. मोजणें चालूच आहे. प्रश्न एवढाच कीं मोजण्याची फूटपट्टी कोणी बनविली आणि ती बदलतां येते कीं नाहीं.

या प्रश्नाकडे पाहण्याची एक रीत गेल्या कांहीं वर्षांत पुढें आली आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्यें अध्यापन केलेल्या अँथनी डन आणि फियोना रॅबी यांनीं २०१३ सालीं 'स्पेक्युलेटिव्ह एव्हरीथिंग' या नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचें म्हणणें असें कीं, वस्तूंची आखणी करणारे लोक केवळ बाजारांत खपतील अशाच वस्तू कां आखतात? जें जग अजून अस्तित्वांत नाहीं, त्या जगांतली एखादी वस्तु, एखादें तिकीट, एखादें यंत्र, एखादी पावती, हुबेहूब करून लोकांपुढें ठेवावी. ती विकावयाची नाहीं. तिच्याकडे पाहून लोकांनीं वाद घालावा, 'असें जग आम्हांला हवें आहे काय?' असें एकमेकांस विचारावें, एवढ्यासाठींच ती असते. या रीतीस मराठींत 'कल्पित रचना' म्हणण्यास हरकत नाहीं. निबंध लिहून 'कलावंतास न्याय मिळाला पाहिजे' म्हणणें सोपें असतें, कारण त्याला कोणी नाहीं म्हणत नाहीं. पावती छापावयास घेतली कीं मात्र तिच्यावर कोणाकोणाचीं नांवें घालावयाचीं, हें ठरवावेंच लागतें.

नांव नवें असलें तरी युक्ति जुनी आहे. १८४७ सालीं पॅरिसमध्यें अर्नेस्ट बूर्जे नांवाचा एक गीतकार 'अँबासादर' या उपाहारगृहांत बसला होता. तेथील वाद्यवृंद त्याचेंच गाणें वाजवीत होता. त्यानें साखरेचें पाणी मागविलें, तें तो प्यायला, आणि बिल पुढें येतांच पैसे देण्यास नकार दिला. मालक माझें गाणें फुकट वापरतो, तर मीही त्याचें साखरपाणी फुकट घेईन, हा त्याचा युक्तिवाद. गाण्याचें एकदां छापील पुस्तक विकलें कीं कवीचा व संगीतकाराचा संबंध संपला, अशी तेव्हां बहुतेकांची समजूत होती. पेला टेबलावर ठेवून बूर्जेनें लोकांना असें एक जग दाखविलें, कीं जेथें गाणें प्रत्येक वेळीं वाजवितांना रचणाऱ्याला विचारावें लागतें. प्रकरण न्यायालयांत गेलें, निकाल बूर्जेच्या बाजूनें लागला, आणि त्यांतून १८५१ सालीं गीतकार-संगीतकारांच्या वतीनें पैसा गोळा करणारी 'सासेम' ही संस्था उभी राहिली. ती आजही काम करीत आहे. अशा प्रकारच्या पुढील संस्थांची मूळ कल्पना त्या साखरपाण्याच्या पेल्यांत सांपडते.

बूर्जेची रचना एका पेल्यापुरती होती. एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकानें सारें शहरच रचलें. त्याची 'लुकिंग बॅकवर्ड' ही कादंबरी १८८८ सालीं प्रसिद्ध झाली आणि तिच्या लाखों प्रती खपल्या. तिचा नायक १८८७ सालीं बोस्टन शहरांत झोपीं जातो व २००० सालीं जागा होतो. यजमानांची मुलगी त्याला संगीताच्या खोलींत नेते. तेथें एकही वाद्य त्याला दिसत नाहीं. ती त्याच्या हातीं त्या दिवसाच्या कार्यक्रमांचें छापील पत्रक देते, एकदोन मळसूत्रें फिरविते, आणि खोली ऑर्गनच्या नादानें भरून जाते. शहरांत खास बांधलेलीं संगीतगृहें असून तीं टेलिफोनच्या तारांनीं घरोघर जोडलेलीं आहेत. वादक पाळीपाळीनें अहोरात्र वाजवीत असतात. थोडीशी वर्गणी दिली कीं कोणत्याही घटकेस आवडीचें वादन घरीं हजर.

२००० साल येऊन गेलें. वर्गणी भरून बटण दाबतांच घरांत गाणें, ही बेलामीची कल्पना अक्षरशः खरी ठरली. परंतु त्या कादंबरींतील दुसरा अर्धा भाग वाचक विसरले. तेथें नाणें चालत नाहीं. प्रत्येक नागरिकास राष्ट्राच्या उत्पन्नांतील समान वाटा पुठ्ठ्याच्या एका कार्डावर मिळतो (बेलामीनें त्यास 'क्रेडिट कार्ड' हेंच नांव दिलें आहे), आणि तारेच्या त्या टोकाशीं मध्यरात्रीं बसलेल्या वादकाचा वाटा इतर कोणाहून कमी नसतो. लेखकानें पुस्तक छापण्याचा खर्च आपल्या वाट्यांतून करावयाचा, विक्रीवर त्यास स्वामित्वधन मिळावयाचें, आणि तें पुरेसें झालें कीं नेमलेल्या इतर कामांतून त्याची सुटका व्हावयाची. इतर कलांनाही थोड्याफार फरकानें हाच न्याय. म्हणजे त्या जगांत प्रतिभेला मिळणारें खरें बक्षीस सवड हें होय. बटण तेवढें जगानें उचललें. बटणाच्या पलीकडील माणसाची सोय करावयाची राहून गेली.

बटणाचे प्रयोग बेलामीच्या काळींच चालू होते. १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत्-प्रदर्शनांत क्लेमां आदेर यानें ऑपेराचें गायन टेलिफोनवरून ऐकविलें. १८९० पासून 'थिएट्रोफोन' कंपनी हाच व्यवहार पैसे घेऊन करूं लागली. नळकांडीं कानाला लावून पांच मिनिटें ऐकण्यास ५० सांतीम पडत. बुडापेस्टमध्यें १८९३ सालीं 'टेलेफोन हिर्मोंदो' या टेलिफोन-वृत्तपत्रानें घड्याळ न लावतां वर्गणीची पद्धत धरली. एका ठिकाणीं पैसा मिनिटाला, दुसऱ्या ठिकाणीं घराला. हा फरक आज पुन्हां महत्त्वाचा ठरला आहे, तो पुढें येईल.

मध्यंतरीं ध्वनिमुद्रिकेनें सारेंच बदललें. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन फ्रेड गेसबर्ग यानें मुद्रित केलें. तबकडीवर सुमारें तीन मिनिटें मावत, म्हणून रागाला तीन मिनिटांत उभें राहून तीन मिनिटांत बसावें लागलें. मोजण्याचें माप बदललें कीं मोजली जाणारी वस्तूही त्या मापाची होऊं लागते, याचें इतकें उघड उदाहरण दुसरें शोधावें लागणार नाहीं. पुढें तबकड्या आणि रेडिओ घरोघर गेल्यावर उपाहारगृहांतले व नाचगृहांतले वादक बेकार होऊं लागले. आपणच वाजविलेली तबकडी आपल्या जागीं बसून आपला रोजगार खाते आहे, अशी चमत्कारिक अवस्था त्यांची झाली.

अमेरिकेंतील वादकांच्या संघाचा अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यानें १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. महायुद्ध चालू असतां संप केला म्हणून त्याच्यावर चोहोंकडून टीका झाली. कंपन्या केवळ गायकांचा कोरस साथीला घेऊन, वाद्यांवांचून, गाणीं मुद्रित करूं लागल्या. शेवटच्या मोठ्या कंपन्यांनीं १९४४ च्या नोव्हेंबरांत माघार घेतली. तडजोड अशी झाली कीं, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागें ठराविक रक्कम कंपनीनें एका निधींत भरावी, आणि त्या निधींतून वादकांना वेतन देऊन लोकांसाठीं विनामूल्य कार्यक्रम करावे. नव्या कामगार-कायद्यामुळें हा निधि संघाच्या हातीं ठेवणें अशक्य झालें, तेव्हां १९४८ मध्यें दुसरा बहिष्कार होऊन स्वतंत्र विश्वस्ताच्या हातीं नवा निधि सोंपविण्यांत आला. ज्या वादकानें तबकडी वाजविली त्यालाच पैसे मिळावे, अशी ही व्यवस्था नव्हती. तबकडीमुळें ज्यांचें काम गेलें त्यांना काम मिळावें, आणि तेंही शाळांतून, रुग्णालयांतून, उद्यानांतून, अशी ती होती. संगीतावर मिळणारा पैसा पुन्हां जिवंत संगीतांतच ओतावयाचा, ही कल्पना मोठी आहे, आणि तिची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाहीं हें नवल आहे.

आतां आजच्या वर्गणीकडे वळावें. इंटरनेटवरून गाणीं ऐकविणाऱ्या कंपन्या महिन्याची वर्गणी घेतात आणि जमलेल्या रकमेचा बराच मोठा भाग हक्कदारांना देतात. तो वांटण्याची सर्वांत रूढ रीत अशी: सर्व वर्गणीदारांचा पैसा एका हौदांत ओतावयाचा, देशभरांत किती वेळां गाणीं ऐकलीं गेलीं तें मोजावयाचें, आणि ज्याच्या वाट्यास जितकीं श्रवणें त्याला त्या प्रमाणांत रक्कम द्यावयाची. तीस सेकंद ऐकलें कीं एक श्रवण झालें. गाणें दोन मिनिटांचें असो कीं पाऊण तासाचा ख्याल असो, श्रवण एकच.

याचा अर्थ काय होतो हें पाहण्यासाठीं दोनच वर्गणीदारांचें एक कल्पित जग घ्यावें. दोघांचीही वर्गणी शंभर रुपये, आणि सोयीसाठीं सर्व रक्कम कलावंतांनाच जाते असें धरूं. पहिलें घर एकाच गवयाचा ४० मिनिटांचा ख्याल महिन्यांत २० वेळां ऐकतें. म्हणजे ८०० मिनिटें. दुसऱ्या घरांतील तरुण मुलगा काम करतांना तीन-तीन मिनिटांचीं गाणीं लावून ठेवतो. महिन्यांत १९८० श्रवणें, म्हणजे ५९४० मिनिटें. हौदाच्या रीतीनें २०० रुपये २००० श्रवणांत वांटले कीं दर श्रवणास १० पैसे पडतात, आणि ख्यालगायकाच्या पदरांत येतात दोन रुपये. पहिल्या घरानें दुसऱ्या कोणाचें एक अक्षरही ऐकलें नाहीं, तरी त्याच्या शंभरांतले अठ्ठ्याण्णव रुपये त्याला ठाऊकही नसलेल्या गायकांकडे गेले. आतां श्रवणें न मोजतां मिनिटें मोजूं: त्याच गवयाला सुमारें २३ रुपये ७४ पैसे मिळतात. आणि प्रत्येक घरचा पैसा त्या घरानें ऐकलेल्या कलावंतांतच वांटला, तर त्याला मिळतात पुरे शंभर. तेंच गाणें, तेच श्रोते, तीच वर्गणी. आणि उत्तरें दोन, चोवीस व शंभर. तिन्ही उत्तरांत गणिताची चूक कोठेंच नाहीं.

तिसरी रीत कांहीं अंशीं व्यवहारांत आलीही आहे. 'साउंडक्लाउड' या कंपनीनें २०२१ सालीं आपल्याकडील स्वतंत्र कलावंतांसाठीं तिचा अवलंब केला. परंतु ही जादूची कांडी नव्हे. फ्रान्समधील राष्ट्रीय संगीत-केंद्रानें त्याच वर्षीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, या रीतीनें पाश्चात्य अभिजात संगीतास लाभ होतो व रॅपचा वाटा घटतो. लहान कलावंतांच्या पदरांत पडणारी वाढ मात्र अगदी थोडी असते. शिवाय तिच्यांत एक गमतीची अडचण आहे. ज्या वर्गणीदारानें महिनाभरांत एकच गाणें ऐकलें त्याचे सगळे पैसे त्या एका गाण्याला जावयाचे, म्हणजे आळशी श्रोता हा कलावंताचा सर्वांत उदार आश्रयदाता ठरावयाचा! उलट दिशेची पावलेंही पडत आहेत. 'स्पॉटिफाय' कंपनीनें २०२४ पासून असा नियम केला कीं, मागील बारा महिन्यांत ज्या मुद्रणाचीं हजार श्रवणें झालीं नाहींत त्याला कांहींच मिळूं नये. एखाद्या अप्रचलित रागाचें मुद्रण हजारांची वेस ओलांडील कीं नाहीं, हें त्या रागाच्या अभ्यासकांनीं स्वतःस विचारून पाहावें.

कल्पित रचनेचा उपयोग येथें होतो. समजा, महिनाअखेरीस वर्गणीदाराच्या घरीं एक छापील पावती आली. विजेच्या बिलासारखी ती साधी आहे. डावीकडे आपण ऐकलेल्या कलावंतांचीं नांवें, मध्यें मिनिटें, उजवीकडे त्यांतील प्रत्येकास आपल्या वर्गणींतून गेलेली रक्कम. आणि तळाशीं एक ओळ: 'आपण न ऐकलेल्यांस गेलेली रक्कम, रुपये ९८.' अशी पावती आज कोणी देत नाहीं. ती देण्यास कोणत्या नव्या यंत्राची गरज आहे असेंही नाहीं. हिशेब ठेवलेला असतोच. पण ती शेवटची ओळ वाचल्यावर किती घरांतून कोणती चर्चा होईल! दौलतजादा करणाऱ्याला आपला रुपया कोणाच्या हातीं गेला हें डोळ्यांनीं दिसत असे. फडांतल्या अशिक्षित शेतकऱ्याला जें कळत होतें तें आजच्या पदवीधराला कळत नाहीं, ही स्थिति विचार करण्यासारखी आहे.

पावती छापावयास घेतली कीं रकाने वाढूं लागतात. पेट्रिलोच्या निधीसारखा एक रकाना सहज सुचतो: दर श्रवणामागें एक पैसा जिल्ह्याच्या गांवीं होणाऱ्या विनामूल्य जलशांसाठीं. भारताच्या कायद्यानें २०१२ च्या दुरुस्तीनें गीतकार व संगीतकार यांना चित्रपटगीतांच्या इतरत्र होणाऱ्या वापराबद्दल स्वामित्वधनाचा समान वाटा दिला आहे, आणि तो हक्क निर्मात्याला लिहून देतां येत नाहीं. त्यापूर्वीं, १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, निर्मात्यानें पैसे देऊन करवून घेतलेलें संगीत त्याचेंच मानलें जाई. तेव्हां चित्रगीताच्या पावतीवर कोणाचीं नांवें हवींत हें बऱ्याच अंशीं ठरलें आहे. ख्यालाच्या पावतीवर मात्र घोंटाळा सुरू होतो. बंदीश सदारंगाची, त्याला जाऊन अडीचशेंहून अधिक वर्षें झालीं, त्याला कांहीं द्यावयाचें नाहीं. पण त्या दोन ओळींवर पाऊण तास जो विस्तार झाला तो रचला कोणी? गायकानें. गायकाला तो शिकविला कोणी? गुरूनें, पंधरा-वीस वर्षें समोर बसवून. कायद्याला रचनाकार ठाऊक आहे, गायक ठाऊक आहे, निर्माता ठाऊक आहे. गुरु हा शब्द त्यांत नाहीं.

म्हणून पावतीवर 'गुरु' असा रकाना घालून पाहावा आणि त्यांत, समजा, दशांश वाटा लिहावा. लगेच प्रश्न उभे राहतात. ज्यानें तीन गुरूंकडे शिक्षण घेतलें त्याचा दशांश कसा वांटावयाचा? गुरूच्या गुरूला किती? घराण्याच्या वंशजांना द्यावयाचें, कीं जो आज शिकवीत आहे त्याला? आणि ज्यानें तबकड्या ऐकून ऐकूनच विद्या मिळविली, त्याचा गुरु कोण? गंडा बांधतांना या प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागत नसत, कारण शिष्य गुरूच्या घरीं पाणी भरून, सेवा करून तो वाटा आधींच चुकता करीत असे. त्या व्यवस्थेंत अन्याय नव्हता असें नव्हे; सेवेचा हिशेब कोणी मांडला नव्हता, एवढेंच.

आणखी एक रकाना राहतो. गवयाच्या मागें तंबोरा घेऊन बसणारा शिष्य पाऊण तास एकसुरी तारा छेडीत असतो; त्याच्या हातची जुळणी बिघडली तर सारी बैठक बिघडते. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तबलजीचें व पेटीवाल्याचें नांव येतें, तंबोऱ्यावर साथ करणाऱ्याचें कधीं येतें, कधीं येत नाहीं. अलीकडे पुष्कळ ठिकाणीं त्याच्या जागीं विजेवर चालणारी छोटी पेटी ठेवतात. ती एकदांच विकत घ्यावी लागते, आणि मग कोणत्याही पावतीवर तिचा वाटा निघत नाहीं.